मॅटप्लॉटलिब (पायथनची आलेख काढायची लायब्ररी): इमशोच्या चौकटीला चिकटून हिस्टोग्राम कसे बसवायचे? मदत हवी आहे

8 × 6 इंची फिगर, 2 × 2 ग्रिडस्पेक (खणांची जाळी). विड्थ रेशो 4 आणि 1, हाइट रेशो 1 आणि 4. खाली डावीकडे इमशोने (ॲरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता, चित्र म्हणून दाखवणारं फंक्शन) 200 × 300 चा ॲरे, वर आणि उजवीकडे त्याचे हिस्टोग्राम (वाटणी दाखवणारे स्तंभालेख).

अडचण अशी: इमशोचा ॲस्पेक्ट मुळातच ‘इक्वल’ असतो, म्हणजे पिक्सेल चौरस राहतात, त्यामुळे ड्रॉ होताना चित्र आपल्या खणात आक्रसतं. हिस्टोग्राम मात्र पूर्ण खण व्यापतात. मग वरचा हिस्टोग्राम आणि चित्र यांच्यात मोठी फट पडते, एचस्पेस (वरच्या-खालच्या खणांमधली जागा) शून्य केला तरी! ॲस्पेक्ट ‘ऑटो’ केला की फट जाते, पण पिक्सेल ताणले जातात. नकाशासाठी ते चालणार नाही.

इनसेट-ॲक्सेस, म्हणजे मूळ ॲक्सेसला (आलेखाच्या चौकटीला) जोडलेली नवी चौकट (डावी कड 0, तळ 1.05, रुंदी 1, उंची 0.25; शेअरएक्ससह, म्हणजे एक्स-अक्ष सामाईक), चित्राच्या प्रत्यक्ष चौकटीला नेमकं चिकटतं. पण तिथली मापं मूळ ॲक्सेसच्या प्रमाणात, त्यामुळे शेजारी उभा 300 × 200 चा ॲरे ठेवला की दोन्हींच्या हिस्टोग्रामची जाडी वेगळी दिसते. मला दोन्हीकडे 0.6 इंच हवी आहे. मेक-ॲक्सेस-लोकेटेबलच्या अपेंड-ॲक्सेसमध्ये (चौकटीच्या कडेला नवी चौकट जोडणारी सोय) माप इंचात देता येतं, म्हणून तोच मार्ग योग्य वाटतो.

त्यासोबत कन्स्ट्रेन्ड लेआउट (मांडणी आपोआप जुळवणारी सोय) कुणी वापरलाय का? की तो बंद ठेवून सबप्लॉट्स-ॲडजस्टनेच हाताने समास द्यावेत? चालणारा छोटा कोड दिलात तर फार मदत होईल.