माळ्यावरच्या निगेटिव्ह आणि रंगभवनचे दिवस – तुम्हीही लिहा

बेसवाला_गिरगाव

चाळ पुनर्विकासाला चाललीये. गेले दोन रविवार माळा रिकामा करतोय. काल पितळी भांड्यांच्या मागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात माझ्या निगेटिव्ह. १९९६ ते २००४. वीसेक रोल असतील. वरच्या पट्ट्या बऱ्या आहेत, खालच्या ओलीने एकमेकींना चिकटून वडीसारख्या झाल्यात. एक पट्टी खिडकीत धरली तर रंगभवन! मागे झाडं, स्टेजवर घामाने निथळणारा एक ड्रमर. बायकोने हाक मारली तरी अर्धा तास तिथेच उभा होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोबीतलावला झेवियर्सच्या शेजारी रंगभवन हे उघडं नाट्यगृह. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा. इंडस क्रीड, पेंटाग्राम, झीरो हे बँड सगळे त्या काळातले. आजूबाजूला कॉलेज, जीटी, कामा हॉस्पिटल. २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, हॉस्पिटल-कॉलेजच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि काही वर्षांत तिथली गाणी थांबली. पेशंटला झोप हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या बदल्यात शहराने आम्हाला दुसरी तशी स्वस्त, उघडी जागा दिली नाही, हे मला आजही लागतं.

मी बेस गिटार वाजवायचो. दीड खोलीत अ‍ॅम्प कुठला ठेवणार? गिटारचं डोकं आईच्या लाकडी कपाटाला टेकवायचं, मग अख्खं कपाट घुमायचं. आतल्या साड्यांसकट. आई म्हणायची, कपाटाला दमा झालाय.

आपला कार्यक्रम नसेल त्या दिवशी दुसऱ्यांचे फोटो काढायचे. जुना एफएम१० कॅमेरा, पन्नासची लेन्स. फ्लॅश मारला की वाजवणाऱ्याचा तोल जातो हे स्वतः वाजवत असल्यामुळे कळायचं, म्हणून कमी उजेडातही चालावं यासाठी ट्राय-एक्स ४००चा रोल १६०० समजून वापरायचा आणि धुताना डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचा. दाणे यायचे ज्वारीच्या पिठासारखे, पण चेहरा मिळायचा. ३६ फ्रेममध्ये चार बँड बसवायचे. एका गाण्याला दोन क्लिक. त्यामुळे गाणं पाठ असावं लागायचं, कुठे ड्रमर हात वर नेणार ते.

आणि आता डबाभर फोटोत आमच्या स्वतःच्या बँडचा एकही धड फोटो नाही. आम्ही वाजवताना कॅमेरा मित्राच्या हातात असायचा, आणि मित्र नाचत असायचा.

तुमच्यापैकी कोणी वाजवलं असेल, फोटो काढले असतील, नुसते ऐकायला गेला असाल, लिहा ना.

सुगरण७४

रंगभवन!! अंगावर काटा आला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

तिसरी_घंटा

मी अकरावीत बदलापूरहून जायचो. घरी सांगायचो मित्राकडे अभ्यास. शेवटची लोकल चुकली की सीएसटीच्या फलाटावर पेपर अंथरून पहिल्या लोकलची वाट. एकदा एक अनोळखी पोरगा शेजारी येऊन बसला, त्याच्याकडे गिटार होती, पहाटेपर्यंत वाजवली. हवालदार आला, आता उठवणार असं वाटलं, तर तो म्हणाला हळू वाजवा, आणि स्वतः पण थोडा वेळ थांबला. त्या पोराचं नावही विचारलं नाही मी.

म्हापशेकर

धोबीतलाव म्हटलं की आमच्या वाड्यावरचे अंकल आठवतात. ट्रम्पेट वाजवायचे. पन्नासच्या दशकात मुंबईला गेले ते जेर महालच्या कुडीत राहिले. कूड म्हणजे गावाने चालवलेली खोली, आपापली ट्रंक ठेवायची, जमिनीवर झोपायचं, संध्याकाळी तेर्स (रोझरीची प्रार्थना) म्हणायची. रात्री हॉटेलात जॅझ आणि सकाळी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही आपली गोव्याचीच माणसं, हिंदी गाण्यांमागचं किती काम त्यांनी केलं. अंकलचा एकच फोटो घरात आहे, लग्नाचा. ट्रम्पेटबरोबर एकही नाही. तुमचा धागा वाचून फार वाईट वाटलं की तेव्हा कोणी असा कॅमेरेवाला त्यांच्या वाटेला आला नाही.

खारी_बिस्किट

मला धोबीतलाव म्हणजे फक्त कयानीचा बनमस्का आणि मावा केक

पेठेतला

@खारी_बिस्किट कयानी आमच्या पुण्यात, कॅम्पात. श्रूजबेरी.

खारी_बिस्किट

ती वेगळी हो! ही मेट्रो सिनेमासमोरची. दोन्ही इराण्यांचीच पण दुकानं वेगळी.

पेठेतला

बरं बरं. पुढच्या वेळी मुंबईला आलो की मावा केक तुमच्याकडून.

आता विषयावर येतो. मी ड्रम वाजवतो, अजूनही. लोकांना वाटतं ड्रमरने हात हलवत जायचं. मोठा सेट तिथला असतो, पण स्नेअर (छोटा ड्रम), सिंबल (झांजा) आणि पेडल आपलं आपण न्यायचं. स्कूटरवर पुढे स्नेअर, पाठीवर सिंबल, पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकची इरली. २०१० साली कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा तिकीट काढून गेलो होतो. चारी बाजूंना स्टेज, आपल्याच देशातले इतके बँड, आणि लोक त्यांची स्वतःची गाणी शब्दन् शब्द म्हणतायत. त्याआधी आम्ही कुठेही वाजवलं तरी खालून परदेशी गाण्यांची फर्माईश यायची. त्या रात्री घरी येऊन बँडला मेसेज केला, उद्यापासून फक्त आपलं वाजवायचं.

निळी_छत्री

मी २००८ पासून फोटो काढते. बेसवालादादा, तुमची शेवटची ओळ वाचून थांबलेच.

लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा गाण्यांचा क्लब होता (२००७ ते २०१६), तिथे शिकले मी. गोल गोल कप्प्यांत लोक बसायचे, आवाज इतका स्वच्छ की डोळे मिटले तरी कोण कुठे उभं आहे ते कळावं. मोठ्या कार्यक्रमांत फोटोवाल्यांना नियम असतो, पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. पण पहिल्या तीन गाण्यांत गायकाचं अंग मोकळं झालेलं नसतं. खरा चेहरा शेवटच्या गाण्याला येतो. म्हणून मी कॅमेरा बॅगेत टाकून मागे थांबायचे आणि शेवटी परवानगी मागून बॅकस्टेजला जायचे. माझे सगळ्यात चांगले फोटो गाणं संपल्यानंतरचे आहेत. कोणी वायरी गुंडाळतंय, कोणी पैशावरून हळू आवाजात बोलतंय, कोणी नुसतं भिंतीला टेकलंय.

पैसे? पहिली चार वर्षं शून्य. 'तुझं नाव होईल' असं सांगायचे. एका मासिकाने माझा फोटो अर्धं पान छापला आणि खाली बँडच्या मॅनेजरचं नाव. मी रडले होते त्या दिवशी.

रात्री बायकांच्या डब्यात मी आणि हवालदार दोघंच. कॅमेरा ओढणीत गुंडाळून पोटाशी. आई दिवा चालू ठेवून गॅलरीत.

काळा_डगला

@निळी_छत्री, हे सगळ्यांच्याच कामाचं आहे म्हणून लिहितो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. पण फुकट, आपल्या मनाने काढला असेल तर हक्क काढणाऱ्याचाच. २०१२च्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. म्हणजे ज्यांनी तुम्हाला एक रुपया दिला नाही त्यांचा त्या फोटोवर हक्कही नाही. बेसवाला, तुमच्या डब्याचंही हेच. मुलांना लिहून ठेवा.

निळी_छत्री

हे मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. मनापासून आभार.

शिट्टी

कोणाच्या कानात सतत बारीक आवाज येतो का? माझ्या येतो. सात वर्षं स्पीकरशेजारी उभा राहून गिटार वाजवली. रात्री पंखा लावल्याशिवाय झोप नाही.

कानमंत्र

@शिट्टी मी कान तपासणीचं काम करते, रोज असे वादक येतात. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात हे सहज ओलांडतं. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, इअरप्लगच हवेत, आणि फोटोवाल्यांनाही, ते तर स्पीकरच्या तोंडाशी उभे असतात. तुम्ही एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, टाळू नका. कानातला आवाज पूर्ण जाईलच असं नाही पण त्याच्याबरोबर राहणं सोपं करता येतं.

शिट्टी

जातो. शनिवारी.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. काळाघोड्याचं र्‍हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ला बंद झालं तेव्हा इथे ऑफिसात बसून बातमी वाचली. ऐकायच्या केबिनमध्ये तासन् तास उभं राहायचो, खिशात फक्त परतीचं तिकीट. तिथला माणूस कधी हाकलायचा नाही. बेसवाला, प्लीज फोटो टाका, गर्दीचे पण. मी त्यातल्या एखाद्या गर्दीत असेन.

अंधारखोली

आधी कोणीतरी महत्त्वाचं सांगा त्यांना, तर मीच सांगतो. चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका. वरचा थर जिलेटिनचा असतो, ओढला की चित्र सोलून निघतं. थंड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा, गरम अजिबात नको. काही तासांनी जिलेटिन फुगतं आणि पट्ट्या आपोआप सुटू लागतात. सुटल्या की स्वच्छ पाण्यातून काढा, शेवटच्या पाण्यात फोटो-फ्लोचे (पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून घालायचं द्रावण) दोन थेंब, आणि धूळ नसलेल्या जागी चिमटा लावून टांगा. बाथरूम उत्तम. पुसू नका. स्कॅनर नसेल तर खालून एकसारखा उजेड देणारं लाइट पॅड आणि मॅक्रो लेन्सने फोटो काढला तरी चालतं. आधी कमी महत्त्वाच्या पट्टीवर करून बघा.

सुगरण७४

आले. आमटी उतू गेली या धाग्यापायी. माझा दीर वाजवायचा, कीबोर्ड. आता बँकेत आहे. त्याला लिंक पाठवली, उत्तर नाही आलं पण दोन निळ्या खुणा दिसतायत आणि वरच्या खोलीतून कीबोर्डचा आवाज येतोय.

तिसरी_घंटा

@सुगरण७४ त्यांना आता जेवायला बोलावू नका लगेच

बेसवाला_गिरगाव

सगळ्यांचं वाचतोय, एकेकाला उत्तर देईन. @म्हापशेकर, अंकलबद्दल अजून लिहा, वेगळा धागाच काढा.

@अंधारखोली तुमचं वाचून काल रात्री आईच्या परातीत डिस्टिल्ड पाणी घेऊन एक वडी बुडवली. कमी महत्त्वाची कुठली ते ठरवता येईना, शेवटी बायकोने उचलून दिली. आज दुपारी दोन पट्ट्या सुटल्या. एकीचं चित्र कडेला गेलंय. दुसरीत कार्यक्रमाआधीची रिकामी दगडी पायऱ्यांची रांग, आणि तिथे आमचा गायक एकटाच वडापाव खातोय. तो दुबईला असतो. त्याला फोन लावला होता, मीटिंगमध्ये आहे म्हणाला, मग दोन मिनिटांनी त्यानेच केला.

तिसरी पट्टी अजून चिकटलेलीच आहे. पाणी बदललंय.