लिनक्सवरून परत विंडोजवर: जुन्या फायलींचं काय करायचं?

प्रश्न
आमच्या कार्यालयातले संगणक काही वर्षांपूर्वी लिनक्सवर गेले. लोकांचा आत्ता कुठे हात बसलाय, तर वरून आदेश आला की परत विंडोज. नोटिशींचे नमुने, पगारपत्रकं, आवक-जावक, सगळं लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर) आहे. संगणक कधी बदलायचे हे आदेशात आहे. फायलींबद्दल अवाक्षर नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १
एका वेळी एकच गोष्ट बदला. लिबरऑफिस विंडोजवरही चालतं. आधी फक्त विंडोज येऊ दे, फायली ओडीटी-ओडीएस या लिबरऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपांतच राहू देत. एमएस ऑफिस घ्यायचंच असेल तर तो निर्णय नंतर, स्वतंत्रपणे घ्या.

फ्रान्सच्या जॉंदार्मेरी या पोलीस दलाने उलट्या दिशेने हेच केलं. २००५ पासून विंडोजवरच ओपनऑफिस (लिबरऑफिसचं पूर्वरूप) आणलं, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. उबुंटू हे लिनक्स आलं ते २००८ पासून. तोवर रोजची कामाची साधनं ओळखीची झाली होती.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. चर्चा होते ती लिनक्स की विंडोज एवढीच. पण तिथे नमुने आणि फॉर्म यांच्यासाठी वोलमक्स नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लिहावं लागलं होतं, हे कोणी बोलत नाही. परत फिरायचं म्हणजे ते सगळं पुन्हा बांधायचं. खरं काम तिथे असतं, आणि वेळापत्रकात नेमकं तेच नसतं. याची मला फार चीड येते, कारण शेवटी ते टेबलावरच्या माणसाच्या डोक्यावर बसतं.

तुमच्याकडेही मॅक्रो (फायलीतच लिहिलेले, कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) असलेल्या फायली आधी शोधा. लिबरऑफिसच्या बेसिक भाषेतला मॅक्रो एक्सेलमध्ये चालत नाही. पगारपत्रकात असा मॅक्रो असेल तर एक पूर्ण महिना जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी पगार काढून आकडे जुळवा.

उत्तर २
फायलींची नावं तपासा. लिनक्सवर ‘सभा ११:३०’ असं नाव चालतं. विंडोजला नावात विसर्गासारखं ते कोलनचिन्ह चालत नाही, प्रश्नचिन्हही नाही. कॉपी करताना नेमक्या अशाच फायली अडतात. लिनक्सवर असतानाच नावं बदलून घ्या, आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फायलींची संख्या ताडून पाहा.

प्रश्नकर्ता
नावांचं डोक्यातच नव्हतं, आभार. नोटिशी मात्र वर्डमध्येच हव्यात असा आग्रह आहे.

उत्तर १
मग निदान फॉंट तरी तेच ठेवा. फॉंट बदलला की ओळी सरकतात आणि सही-शिक्क्याची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाते. प्रत्येक नमुना वर्डमध्ये उघडून छापून बघा, नुसतं पडद्यावर बघून सोडू नका. बजावलेल्या जुन्या नोटिशींना हात लावू नका; मूळ फायलीशेजारी पीडीएफ प्रत ठेवा. आणि हा वेळ आदेशाच्या उत्तरात लेखी मागून घ्या, तोंडी नको.