योग्यकर्त्याच्या सासरी राहायला जाण्यापूर्वी: आधी इंडोनेशियन की जावानीज?

अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांना सप्रेम नमस्कार. माझे पती मूळचे इंडोनेशियातल्या जावा बेटावरील योग्यकर्ता शहराचे. लग्नानंतर आम्ही फोंड्यालाच राहिलो आणि आमचे आपसांतले बोलणे इंग्रजीतूनच होत आले. आता सासरे थकले आहेत, सासूबाईंना एकटीने घर सांभाळणे जड जाते, म्हणून चतुर्थी आटोपली की आम्ही मुलीसह कायमचे तिकडे जाणार आहोत. घरात सासू-सासरे, शेजारीच मोठे दीर आणि जाऊ, शिवाय नातेवाइकांची सतत ये-जा. घरची मंडळी आपसांत जावानीज बोलतात आणि माझ्याशी इंडोनेशियन. मला अभिवादनापुरते शब्द आणि बाजारापुरते आकडे येतात, त्यापलीकडे फारसे नाही. पती म्हणतात की ते सोबत आहेत, तेव्हा काळजी करू नये; पण सासूबाईंचे दुखणेखुपणे मला त्यांच्याच तोंडून कळावे असे मनापासून वाटते. हाताशी असलेल्या थोड्या महिन्यांत कोणती भाषा आधी धरावी? मुलगी यंदा पहिलीत आहे; तिच्या मराठीचे काय होईल, हीही काळजी आहे.

मांडवीकाठ (पणजी)

मी नोकरीनिमित्त सहकुटुंब योग्यकर्त्यात बरीच वर्षे राहिलो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी इंडोनेशियनच शिका, आणि पतीला दुभाषी करू नका. सून आणि सासू यांच्यामध्ये मुलगा बसून बोलणे पोहोचवू लागला की दोघीही त्याच्याकडे पाहून बोलू लागतात, आणि ती सवय एकदा पडली की मोडत नाही. पहिल्या दिवसापासून मोडकेतोडके का होईना, तुम्ही थेट सासूबाईंशी बोलावे आणि पतीने तेवढा वेळ गप्प राहावे, असे घरात आधीच ठरवून घ्या.

लिपी रोमन आहे आणि १९७२च्या सुधारणेपासून शुद्धलेखन सुटसुटीत झाले आहे. 'सी' हे अक्षर नेहमी 'च' असे वाचायचे, एवढे लक्षात ठेवले की वाचन लवकर जमते. क्रियापद काळानुसार बदलत नाही, लिंगभेद नाही. खरी मेहनत उपसर्गांची आहे. 'तुलिस' म्हणजे लिहिणे, त्याचे वाक्यात 'मनुलिस' होते. 'सापू' म्हणजे झाडू, त्याचे 'मन्यापू', म्हणजे झाडणे. 'किरिम'चे 'मङिरिम', म्हणजे पाठवणे. मूळ धातूचे पहिले अक्षरच गळून पडते आणि शब्दकोशात मात्र शब्द धातूखाली असतो, त्यामुळे हा नियम अंगवळणी पडेपर्यंत कोश उघडूनही शब्द सापडत नाही. पहिला महिना यालाच द्या. योग्यकर्त्यात गेल्यावर गाजा मादा विद्यापीठात परदेशीयांना इंडोनेशियन शिकवण्याची सोय आहे. घर सांभाळून वर्गाला जाणे शक्य असेल तर अवश्य जा.

मराठी माणसाला एक गोष्ट आयती मिळते. आपल्या 'आम्ही' आणि 'आपण' यांच्यासारखाच भेद तिथे 'कामी' आणि 'किता' यांत आहे. सासूबाई जेवणाच्या वेळी 'किता' म्हणाल्या तर त्यात तुम्ही धरलेल्या आहात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा भेद पाठ करावा लागतो.

दुखण्याबद्दल विचारलेत ते फार योग्य केलेत. वडीलधारी माणसे 'मासुक आङिन' असे वारंवार म्हणतात. शब्दशः 'वारा आत शिरला', पण त्यात अंग मोडून येणे, पोट फुगणे, मळमळ, हुडहुडी असे सगळे येते. त्यावर 'करोकान' करतात: पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तिरपे घासत जातात, लाल पट्टे उमटेपर्यंत. प्रथम पाहणाऱ्याला पाठीवर वळ उठल्याचा भास होतो, म्हणून आधीच सांगितले. मात्र डॉक्टरकडे गेल्यावर 'मासुक आङिन' एवढ्यावर थांबू नका. चक्कर असेल तर 'पुसिङ', मळमळ असेल तर 'मुआल', असे वेगवेगळे विचारून घ्या.

सुकूर_बार्देश

एक छोटीशी भर. आपल्याकडचे जनेल (खिडकी) तिकडे 'जंदेला', इगर्ज (चर्च) म्हणजे 'गरेजा', मेज म्हणजे 'मेजा', फीत म्हणजे 'पिता'. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० साली गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी मलय द्वीपकल्पातले मलाक्का बंदर. पोर्तुगीज शब्द मलय भाषेत शिरले ते या काळापासून, आणि त्याच मलयवर आजची इंडोनेशियन उभी आहे. शिवाय कुटुंबाला 'कलुआर्गा' म्हणतात, ते आपल्या 'कुल' आणि 'वर्ग' यांवरून. मुलीला शिकवताना असे शब्द आधी घ्या, तिला भाषा परकी वाटणार नाही.

म्हापशेकर_वहिनी

माझी धाकटी बहीण मध्य जावामध्ये दिलेली आहे, तिच्या घरी मी पुष्कळ दिवस राहून आले आहे. वर लिहिलेल्याशी मी सहमत आहे, पण संबोधनांची तयारी व्याकरणाच्याही आधी करा असे मी म्हणेन. तिथे वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्ही' म्हणण्यापेक्षा नाते घेऊनच बोलतात. सासूबाईंना 'इबू', सासऱ्यांना 'बापाक', दिरांना 'मास', जावेला 'म्बाक'. तुमच्या मुलीने त्याच दोघांना 'पाकदे' आणि 'बुदे' म्हणायचे, कारण ते तिच्या वडिलांहून मोठे. दिरांची मुले वयाने लहान असली तरी नात्याने मोठी ठरतात आणि तुमच्या मुलीने त्यांना 'मास', 'म्बाक' म्हणणे अपेक्षित असते. घरी शिरताना मोठ्यांचा उजवा हात हातात घेऊन कपाळाला लावतात. ते मुलीला इथूनच शिकवून न्या. कोणालाही काही देताना उजवा हातच पुढे करायचा, हे तर आपल्याकडेही आहे.

जावानीजची घाई करू नका. तिच्यात साध्या बोलण्याला 'ङोको' आणि आदराच्या बोलण्याला 'क्रामा' असे थर आहेत. 'जेवणे' याला ङोकोत 'माङान', आणि वडीलधाऱ्यांच्या जेवण्याला 'दाहार'. घरातली मुले एकमेकांशी जे बोलतात ते ऐकून सासऱ्यांशी बोललात तर ते उद्धट वाटेल. सुरुवातीला 'ङ्गिह' म्हणजे हो आणि 'मातुर नुवुन' म्हणजे आभारी आहे, एवढे क्रामातले शब्द पुरेत, त्यांनीही सासू-सासरे सुखावतात. मुलीला योग्यकर्त्याच्या शाळेत जावानीज हा विषय असतोच, ती तुमच्या आधी शिकेल.

आणि 'बलुम' हा शब्द जवळ ठेवा. जेवलात का, दुसरे मूल आहे का, अशा प्रश्नांना सरळ 'नाही' न म्हणता 'अजून नाही' या अर्थाने 'बलुम' म्हणतात. शेजारच्या बायकांची दरमहा 'आरिसान' असते, म्हणजे आपली भिशी. तिला पहिल्या महिन्यापासून जा. दोन तास नुसते ऐकलेत तरी चालेल, बोली इंडोनेशियन तिथेच कानावर पडते. पुस्तकातले 'तिदाक', म्हणजे नाही, तिथे 'ङ्गाक' होते.

अंत्रुजवासी (फोंडा)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पतींना हे वाचून दाखवले, आणि गप्प राहण्याची अट त्यांनी मान्य केली आहे. मुलीच्या मराठीसाठी माझ्या आईने रोज संध्याकाळी सातला तिच्याशी फोनवर बोलायचे ठरवले आहे. ही वेळ तिकडे जमेल का?

मांडवीकाठ (पणजी)

योग्यकर्त्याचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तिथे साडेआठ वाजलेले असतील. तिकडे शाळा सकाळी सातच्या सुमारास भरतात, मुले लवकर झोपतात. आईंनी साडेपाचला फोन करावा, म्हणजे तिकडचे सात. घरच्यांना वेळ सांगताना एक जपा. 'सतङाह' म्हणजे अर्धा, पण 'सतङाह तुजुह' म्हणजे साडेसात नव्हे, साडेसहा. सातला अर्धा तास कमी. सासऱ्यांच्या औषधाच्या वेळा सासूबाई अशाच सांगतील, तेव्हा पहिले काही दिवस घड्याळावर बोट ठेवून विचारून घ्या.