लेपर्ड गेकोसाठी जिवंत किडे घरात कसे ठेवता? क्रिकेट्सनी (रातकिड्यांनी) जीव नको केलाय

मृण्मयी_इलिनॉय

नमस्कार मंडळी, आम्ही शिकागोजवळ अपार्टमेंटमध्ये राहतो. लेक ९ वर्षांचा, वर्षभर मागे लागून लागून शेवटी त्याने लेपर्ड गेको घरात आणवलाच, नाव ठेवलंय बटाटा. आईला फोनवर सांगितलं की पाल पाळलीये तर म्हणाली आपल्याकडे फुकट होत्या त्यांना झाडूने हाकलत होतो आम्ही. असो. बटाटा तसा गुणी आहे, याच्या पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसतात त्यामुळे भिंतीवर चढत नाही, आणि शी पण रोज एकाच कोपऱ्यात करतो जे माझ्या मुलांनाही जमलं नव्हतं.

त्रास आहे तो याच्या जेवणाचा. दुकानातून क्रिकेट्स आणते, ३-४ दिवसांत निम्मे मेलेले, आणि वास असा की बाथरूममध्ये डबा ठेवलाय तर बाथरूमलाच जाववत नाही. एक पळून फ्रिजमागे गेलाय तो रात्रभर किर्रर्र करतो, नवरा टॉर्च घेऊन शोधतो पण जवळ गेलं की हा गप्प. ऑनलाइन मागवले तर जानेवारीत बॉक्स दारात पडून राहिला आणि सगळे गारठून मेले. 

तर प्रश्न असे की हे मरतात का एवढे, नुसते मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या) देऊन भागेल का, आणि एप्रिलमध्ये सासूबाई येणारेत (चातुर्मासात कांदा लसूणसुद्धा बंद असतं त्यांचं) तर मीलवर्म फ्रिजमध्ये ठेवतात असं वाचलंय ते खरंच ठेवावे लागतात का? घरात धाकटी ३ वर्षांची पण आहे, ती डबा उघडायला टपलेलीच असते.

रानोमाळ

क्रिकेट्स मरतात ते बहुतेक वेळा दमटपणा, गर्दी आणि स्वतःच्याच घाणीतल्या अमोनियामुळे. दुकानातला तो छोटा प्लास्टिकचा डबा फक्त घरी आणण्यापुरता असतो, त्यात राहायचं नसतं त्यांनी. मोठा उंच टब घ्या, झाकणाला मोठं भोक कापून धातूची जाळी लावा (प्लास्टिकची किंवा कापडी जाळी कुरतडून बाहेर येतात, फ्रिजमागचे कलाकार असेच निर्माण होतात), आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवा म्हणजे घाण खाली पडते आणि किड्यांना जागा मिळते. खाली माती भुसा काही टाकू नका, कोरडा तळ झाडायला सोपा. पाण्याची वाटी अजिबात नको, बुडून मरतात आणि दमटपणा वाढतो तो वेगळाच, त्याऐवजी गाजराचा किंवा संत्र्याचा तुकडा, रोज बदलायचा. मेलेले रोज काढायचे, वास मेलेल्यांचाच जास्त असतो.

आता किर्रर्र. तो फक्त वयात आलेला नर करतो, पंखावर पंख घासून. त्यामुळे मोठे क्रिकेट्स घेऊच नका, मीडियम म्हणजे अर्ध्या इंचाच्या आतले घ्या, त्यांना पंखच फुटलेले नसतात, आणि ते मोठे व्हायच्या आत बटाटा संपवेल. फ्रिजमागचा काही आठवड्यांचा पाहुणा आहे, मोठ्या क्रिकेटचं आयुष्य तेवढंच. अंडी घालायला मादीला ओली माती लागते, ती फ्रिजमागे नाही, त्यामुळे वंश वाढायची भीती नाही.

आणि सगळं नीट करूनही डबाच्या डबा पटापट मरत असेल तर दुकानदार बदला. क्रिकेट्सचा एक व्हायरस आहे, डेन्सोव्हायरस, युरोपात १९७० च्या दशकापासून माहीत होता, २००९-१० च्या सुमारास अमेरिकेतल्या फार्म्समध्ये शिरला आणि काही फार्म्स साफ बसले. माणसाला, पालीला काही होत नाही त्याने. तेव्हापासून बऱ्याच जणांनी बँडेड क्रिकेट ही दुसरी जात ठेवायला सुरुवात केली, त्याला हा व्हायरस सहसा बाधत नाही. फक्त तो उड्या मारण्यात दुप्पट चपळ, हे आधीच सांगून ठेवतो.

म्युनिकचा_बंड्या

रानोमाळ यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर पण मी म्हणतो क्रिकेट्स ठेवायचेच कशाला? डुबिया नावाचे किडे घ्या. वास जवळजवळ नाही, आवाज नाही, उडी नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही त्यामुळे टबचं झाकण उघडं राहिलं तरी आतच, आणि क्रिकेट महिन्या दीड महिन्यात म्हातारा होऊन मरतो तर डुबिया वर्ष वर्ष जगतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पिल्लं घालायला त्याला सतत चांगली ऊब लागते, म्हणजे घरात एखादं सुटलं तरी शिकागोच्या अपार्टमेंटमध्ये त्याची वसाहत सहसा होत नाही. मी कपाटात एक टब ठेवलाय, पुठ्ठे, गाजर, रताळ्याची सालं, झालं काम.

एकच गोष्ट, ते झुरळ आहे. दिसतंही झुरळासारखंच. सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा :)

रानोमाळ

बंड्याभाऊ, डुबियाचं एक सांगायचं राहिलं तुमचं, खूप काळ ठेवणाऱ्यांपैकी काहींना ॲलर्जी होते, शिंका, खाज, दमा असेल तर वाढतो. त्यांच्या वाळक्या कातींची आणि विष्ठेची धूळ नाकात जाते. टब साफ करताना मास्क घाला, बाल्कनीत करा. आणि कॅनडातले कोणी वाचत असाल तर तिकडे डुबियाला बंदी आहे, मागवू नका.

वेट_ताई

मी पशुवैद्य आहे, महाराष्ट्रात असते, इथे गायी-कुत्री जास्त पण सरपटणाऱ्या प्राण्यांचं थोडं काम केलंय. कुठला किडा यावर तुम्ही वाद घाला, मला वेगळंच सांगायचंय. दुकानातला किडा उपाशी असतो. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल, ते खाऊन पालीला काही मिळत नाही. द्यायच्या आधी २४ ते ४८ तास त्याला पोटभर चांगलं खायला घाला, रताळं, गाजर, मोहरीचा पाला, आणि तुमच्याकडे इंडियन स्टोअर असेल तर शेवग्याचा पाला, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं.

आणि तरीही कॅल्शियम पावडर लागतेच. क्रिकेट असो, मीलवर्म असो, डुबिया असो, सगळ्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी, पालीला हवं असतं नेमकं उलट. कमी पडलं की शरीर हाडातून ओढून घेतं, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकडे होतात, थरथर सुरू होते, आणि वाकलेलं हाड सहसा सरळ होत नाही. पिशवीत थोडी पावडर, त्यात किडे, हलवायचं, अनारशाला खसखस लावल्यासारखा पातळ थर बसला की लगेच द्यायचं, कारण किडा अंग साफ करून पावडर झटकून टाकतो. व्हिटॅमिन डी३ असलेली पावडर रोज नको, ते जास्त झालं तर वेगळे त्रास, साधी कॅल्शियम आणि डी३वाली यांचं वेळापत्रक तिथल्या सरीसृपांच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, टँकवर दिवा कोणता लावलाय त्यावरही ते ठरतं. टँकमध्ये एका बाटलीच्या झाकणात साधी पावडर ठेवली तरी गेको स्वतः चाटतो. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या मिळाल्या तर त्या मात्र याला अपवाद, त्यांच्यात कॅल्शियम मुळातच भरपूर.

मीलवर्म पालीचं पोट आतून कुरतडतो ही अफवा आहे, घाबरू नका, पण नुसत्या मीलवर्मवर ठेवू नका, आलटून पालटून द्या. वॅक्सवर्म (पतंगाची अळी) म्हणजे चरबीचा गोळा, सवय लागली तर बटाटा दुसरं काही खाणार नाही. साइझ बघताना किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. क्रिकेट्स रात्रभर टँकमध्ये सोडून द्यायचे नाहीत, भुकेले क्रिकेट्स झोपलेल्या पालीलाच कुरतडतात.

दोन गोष्टी जरा गंभीर. उन्हाळ्यात तुमच्याकडे काजवे येतील, मुलगा हौसेने धरून पालीला देईल. काजव्यात विष असतं, बिअर्डेड ड्रॅगनसारखा सरडा एका काजव्याने मेल्याची उदाहरणं आहेत. बागेतले बाकीचे किडेही नको, कुणी काय फवारलंय कळत नाही. दुसरं तुमची धाकटी. सरपटणारे प्राणी धडधाकट दिसले तरी विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जुलाब-ताप आणणारे जंतू सोडतात. अमेरिकेत १९७५ मध्ये ४ इंचापेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी घातली ती याच कारणाने, मुलं तोंडात घालायची. ५ वर्षांखालचं मूल असलेल्या घरात हे प्राणी ठेवू नयेत असाच तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. आणलाच आहे तर टँक आणि किड्यांचे डबे उंचावर, कुलपात, तिने हात लावायचाच नाही, आणि वाट्या बिट्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत.

पिंट्या_पुणे

भारी धागा. मी लव्हबर्ड्ससाठी मीलवर्म ठेवतो, गव्हाचा कोंडा आणि गाजर, बास. आमच्या इथे एक जण घोरपडीचं पिल्लू देतो म्हणतोय, तिला पण हेच चालेल का?

वेट_ताई

पिंट्या, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणं, विकणं, घेणं सगळा गुन्हा, जेल होते. त्या माणसाबद्दल वनखात्याला कळव आणि लव्हबर्ड्स सांभाळ.

मृण्मयी_इलिनॉय

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप धन्यवाद. कासवाचं वाचून नवऱ्याने लगेच टँक बेडरूममधल्या उंच कपाटावर हलवलाय आणि मुलाला हात धुण्यावर लेक्चर दिलं. डुबियाचा फोटो दाखवला घरात, मुलगा खूश, बाकी सगळ्यांचं नाही नाही नाही. तर मीडियम क्रिकेट्स थोडे थोडे आणि मीलवर्म असं ठरतंय. पण फ्रिजचं कोणी बोललंच नाही!

रानोमाळ

फ्रिज सक्तीचा नाही हो. फ्रिजमध्ये मीलवर्म सुस्त पडतात, वाढ थांबते आणि कित्येक आठवडे टिकतात एवढाच फायदा. ७ ते १० सेल्सियस म्हणजे ४५ ते ५० फॅरनहाइट बरं, आतल्या कप्प्यात जास्त गार असतं म्हणून दारातला कप्पा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर कोंड्यात गाजर खाऊ द्यायचं. सासूबाई असेपर्यंत थोडेच आणा आणि बाहेर कपाटात कोरड्या कोंड्यात ठेवा, काहींचे कोष होतील, मग काळे भुंगेरे, मुलाला सायन्स प्रोजेक्ट फुकट. फक्त सुपरवर्म म्हणून जे मोठे मिळतात ते फ्रिजमध्ये कधीच ठेवायचे नाहीत, थंडीने मरतात.

म्युनिकचा_बंड्या

हिवाळ्यात ऑनलाइन मागवायचं असेल तर हीट पॅक मागा आणि पत्ता घरचा न देता कुरियरच्या ऑफिसमधून उचलायचा पर्याय घ्या, दारात पडून राहत नाही. मी इथे तसंच करतो. आणि टबच्या तळाची ती कोरडी विष्ठा फेकू नका, उत्तम खत आहे. माझा कढीपत्ता खिडकीत त्याच्यावरच वाढलाय, सासूबाईंना तेवढं दाखवा, कुठून आलं ते विचारलं तर ऑरगॅनिक म्हणायचं.

मृण्मयी_इलिनॉय

कढीपत्ता!! त्या येताना बिया आणणार होत्या, नाही म्हणायला सांगितलंय, कस्टमवाले काढून घेतील. इथल्या नर्सरीतून रोप घेते मग. बरं बटाट्याने आज पावडर लावलेले मीलवर्म खाल्ले, एक थुंकला. पावडर जास्त झाली की वास आवडला नाही?

वेट_ताई

जास्त झाली असणार. झटकून बघ.