मदत हवी आहे: ऑर्डर दिलेली पुस्तकं येत नाहीत, बजेट अडकून बसतं, कॉलेज लायब्ररीतली खरेदी कशी बसवायची?

नमस्कार मंडळी,

मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. आधी बरीच वर्षं देवघेव काउंटरला होते, आता आठ महिने झाले पुस्तकखरेदीचं काम माझ्याकडे आलंय आणि खरं सांगायचं तर रात्री झोपतानाही डोक्यात याद्याच असतात. लायब्ररीत काम करणारे किंवा केलेले कुणी असतील तर प्लीज वाचा, थोडं लांब झालंय.

शिक्षकांकडून मागण्या येतात, त्यांची यादी करायची, आपल्याकडे आधीच आहे का ते बघायचं, कोटेशन, समितीची मंजुरी, मग ऑर्डर, पुस्तकं आली की बिलाशी ताडून दाखल करायची. सांगायला सरळ आहे. पण ऑर्डर गेली की तेवढी रक्कम त्या पुस्तकाच्या नावावर बांधली जाते, ती दुसरीकडे वापरता येत नाही. पुस्तक काही येत नाही. फोन केला की पुरवठादार म्हणतो येतंय मॅडम, निघालंय, पुढच्या आठवड्यात. असं करत करत वर्ष संपायला दोन महिने उरतात आणि तेव्हा कळतं की यादीतली जवळजवळ एक तृतीयांश पुस्तकं येणारच नाहीत, कुणाची छपाई बंद, कुणाची नवीन आवृत्ती यायचीय, कुणाचं काय ते धड सांगतही नाहीत. मग मोकळे झालेले पैसे घाईघाईत संपवायचे, कारण नाही संपवले तर पुढच्या वर्षी बजेटला कात्री, आणि घाईत काय मिळतं तर पुरवठादाराकडे जे पडून असेल ते. ती पुस्तकं मग आमच्या रॅकवर पडून राहतात. काउंटरला होते तेव्हा मला कळायचंच नाही की ही पुस्तकं कुणी आणि कशासाठी घेतली, आता कळलं.

दुसरी गोष्ट मागण्यांची. एक चिठ्ठी माझ्यासमोर आहे, तीत लेखकाचं फक्त आडनाव, खाली 'फ्लुइड मेकॅनिक्स, नवीन आवृत्ती, निळं कव्हर' एवढंच. सरांना दोनदा फोन केला, ते लेक्चरला होते, शेवटी विभागाच्या जुन्या यादीतून आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) उचलला आणि ऑर्डर दिली. बारा प्रती आल्या. आम्ही गठ्ठा सोडला, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणि गुप्त पानावर (लायब्ररीने खुणेसाठी ठरवलेलं आतलं पान) शिक्के मारून मोकळे झालो, दाखल क्रमांकही टाकले, आणि सर बघायला आले तेव्हा म्हणाले, अहो ही मागची आवृत्ती आहे, हिच्यात आता शिकवतो तो धडाच नाही. शिक्का मारलेलं पुस्तक कोण परत घेणार? चूक माझीच होती, आधी ताडायचं मग शिक्का, हे मी आता भिंतीवर लिहून लावलंय.

आणि ज्याच्यामुळे हा धागा काढला ते. एक मुलगी एकाच पुस्तकासाठी तीनदा आली, नाव लिहिलेला कागद घडी घालून घालून मऊ पडला होता. प्रत्येक वेळी मी तिला ऑर्डर दिलीये म्हणून सांगितलं आणि ते खोटं नव्हतंच. पुस्तक आलं तिची परीक्षा संपल्यावर अकरा दिवसांनी. मी तिला निरोप पाठवला, ती आली नाही, कशाला येईल.

तर मला विचारायचंय की न येणाऱ्या ऑर्डरचा पाठपुरावा तुम्ही कसा करता, किती दिवसांनी रद्द करता, शिक्षकांकडून नीट माहिती कशी काढता, आणि सगळे म्हणतात ई-बुक घ्या म्हणजे वाट बघायला नको, पण आम्ही घेतलेलं एक ई-बुक एका वेळी एकच विद्यार्थी उघडू शकतो आणि वर्गात साठ मुलं आहेत, तर ह्यात नक्की काय बघून घ्यायचं? जमेल तसं उत्तर द्या, अर्धवट उत्तर पण चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी पंधराएक वर्षं हेच काम केलंय, त्यामुळे तुमचं वाचताना माझे जुने दिवस आठवले. एकेक सांगतो.

पहिलं म्हणजे ऑर्डरवर शेवटची तारीख छापलेली हवी. 'अमुक दिवसांत पुस्तक किंवा लेखी कारण न आल्यास ऑर्डर रद्द समजावी' हे वाक्य ऑर्डरमध्येच टाका, फोनवर सांगून काही होत नाही. आम्ही साध्या पुस्तकांना साठ दिवस आणि बाहेरून मागवायच्या पुस्तकांना नव्वद ठेवले होते, मध्ये तिसाव्या दिवशी एक स्मरणपत्र. आणि कारण लेखीच मागा, कारण 'छपाई बंद', 'पुनर्मुद्रण चालू', 'आमच्याकडे संपलं, प्रकाशकाकडे आहे' ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळा. संपलंय फक्त ह्याच्याकडे, तर त्याच दिवशी दुसऱ्या पुरवठादाराला द्या. तुम्ही कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच्या खरेदी मोड्यूलमध्ये उशीर झालेल्या ऑर्डरची वेगळी यादी निघते आणि तिथूनच स्मरणपत्र जातं. कोहा २००० सालापासून वापरात आहे आणि फुकट आहे, पण बरेच जण त्याच्यात फक्त देवघेव करतात आणि खरेदीला वही चालूच ठेवतात.

दुसरं, मंजूर यादी बजेटपेक्षा मोठी ठेवा. समितीकडून सुरुवातीलाच जास्तीची राखीव यादी मंजूर करून घ्यायची, प्राधान्यक्रम लावून. ऑर्डर रद्द झाली की त्या रकमेत राखीव यादीतलं पुढचं पुस्तक जातं, वर्षअखेरीला गोडाऊनमधलं उचलायची वेळ येत नाही. ह्या एका गोष्टीने आमचं निम्मं दुखणं गेलं.

आयएसबीएनचं मात्र नीट समजून घ्या. एकाच पुस्तकाच्या पुठ्ठा बांधणीला एक नंबर, कागदी बांधणीला दुसरा, ई-बुकला तिसरा, आणि आवृत्ती बदलली की पुन्हा सगळे नवे. म्हणजे जुन्या यादीतून नंबर उचलला की जुनी आवृत्तीच येणार, पुरवठादाराने तसं बरोबरच पाठवलं. शिवाय २००७ च्या सुरुवातीपासून नंबर १३ अंकी झाला, त्याआधी १० अंकी होता, त्यामुळे यादीत १० अंकी नंबर दिसला की आधी संशय घ्यायचा की ही माहिती किती जुनी आहे. आणि १० अंकीपुढे नुसतं ९७८ लावून चालत नाही हो, शेवटचा तपासणी अंक नव्याने काढावा लागतो, कारण दोन्हींचं गणित वेगळं आहे. उदाहरणार्थ ०-३०६-४०६१५-२ चं १३ अंकी रूप ९७८-०-३०६-४०६१५-७ असं होतं, शेवटी २ चा ७ झाला बघा. आमच्याकडे एका नवीन मुलाने अख्ख्या एक्सेलला पुढे ९७८ चिकटवलं होतं, अर्ध्याहून जास्त नंबर कुठेच सापडेनात.

चिठ्ठ्या बंद करा. एक फॉर्म करा, त्यात लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, आणि दोन प्रश्न जास्तीचे: मागची आवृत्ती चालेल का, आणि कुठल्या महिन्यात शिकवायला घेणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं. त्या महिन्याप्रमाणे ऑर्डर लावल्या तर तुमच्या त्या मुलीसारखं पुन्हा होणार नाही, निदान कमी होईल.

प्रतिसाद २

त्या बारा प्रतींचं काय केलंत? एक धडा सोडून बाकी तेच असेल तर काढून टाकू नका. सरांना विचारून पहिल्या पानावर चिकटवा की कुठला धडा ह्याच्यात नाही. मुलं वापरतात.

प्रतिसाद ३

ई-बुकचं मी सांगते, आमच्याकडे तेच बघते.

छापील पुस्तक आपण विकत घेतो, ई-बुकचा बहुतेक वेळा फक्त परवाना घेतो, आणि त्या परवान्यात काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. एका वेळी एक वापरकर्ता, एका वेळी तीन, अमर्याद, किंवा वर्षाला ठराविक दिवसांचा कोटा, असे प्रकार असतात. त्यातही कायमचं आहे की वर्षाच्या वर्गणीवर, हे बघायचं, कारण वर्गणीच्या संग्रहातून प्रकाशक मध्येच एखादं पुस्तक काढून घेऊ शकतो आणि नेमकं तेच एखाद्या वर्गाला लावलेलं असतं. किती पानं डाउनलोड होतात, प्रिंट काढता येते का, दुसऱ्या लायब्ररीला देता येतं का, हे ऑर्डरच्या आधी विचारा. आणि एक वाईट बातमी, वर्गात लावलेली मोठी पाठ्यपुस्तकं बरेच प्रकाशक लायब्ररीला ई-बुक म्हणून विकतच नाहीत, फक्त विद्यार्थ्याला एकट्याला विकतात. त्यामुळे साठ मुलांचा प्रश्न ई-बुकने सुटेलच असं नाही.

पण तुमच्या त्या एका ई-बुकबद्दल लगेच करण्यासारखं आहे. पुरवठादाराकडून 'काउंटर' (COUNTER) नावाचा अहवाल मागा, आपल्या देवघेव काउंटरशी त्याचा संबंध नाही. हा वापर मोजण्याचा ठरलेला नमुना आहे, २००३ पासून आहे, बहुतेक मोठे प्रकाशक देतात. त्यात वापर किती झाला तेवढंच नसतं, नकार किती जणांना मिळाला तेही असतं, म्हणजे पुस्तक उघडायला गेले आणि आधीच कुणीतरी वापरत असल्यामुळे परत फिरले असे. तो आकडा समितीपुढे ठेवा. 'मुलं मागतात' असं म्हटलं की कुणी ऐकत नाही, नकारांचा आकडा दाखवला की परवाना वाढवून मिळतो, माझा अनुभव आहे.

ऑर्डर द्यायच्या आधी डीओएबीवर (डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स, ही ऑनलाइन यादी आहे) पण शोधत जा. मुक्त प्रवेशातली, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी, तपासून घेतलेली अभ्यासाची पुस्तकं तिथे आहेत, २०१२ पासून. सगळ्या विषयांची मिळतील असं नाही, पण जे मिळेल ते साठच्या साठ मुलं एकदम उघडू शकतात.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. नकारांचा आकडा मिळतो हे मला माहीतच नव्हतं, आज दुपारीच मेल टाकलाय. बारा प्रतींचं पण सरांशी बोलले, ते म्हणाले तो धडा ते नोट्स म्हणून देतील, म्हणजे निभावलं.

एक नवीन अडचण. पुरवठादार म्हणतोय की बाहेरून मागवायच्या पुस्तकांचे पैसे आगाऊ द्या म्हणजे लवकर येतील, जर्नलचे नाही का देत तुम्ही आगाऊ. द्यावेत का?

प्रतिसाद ४

जर्नलची वर्गणी आगाऊच द्यावी लागते, तिथे इलाज नाही, पण म्हणून पुस्तकांचे देऊ नका. जर्नलमध्ये सुद्धा ती पद्धत किती अंगाशी येते ते २०१४ मध्ये दिसलं, नेदरलँडमधली स्वेट्स ही लायब्ररींकडून पैसे घेऊन प्रकाशकांकडे जर्नलच्या वर्गण्या भरणारी जुनी मोठी कंपनी सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि ज्यांनी पुढचे पैसे भरून ठेवले होते त्या लायब्ररींचे पैसे अडकले, अंक पण मिळेनात. ती एवढी मोठी कंपनी होती, तुमचा पुरवठादार तर नाहीच तेवढा. बिल पुस्तकाबरोबर, पैसे पुस्तक ताडल्यावर. घाई असेल तर लवकर आणणाऱ्याला थोडी सूट कमी घ्या, ते परवडतं. आम्ही सूट जास्त देतो म्हणून एकाच माणसाला धरून बसलो होतो, तो सूट द्यायचा आणि पुस्तकं द्यायचा नाही.

जरा वेगळं मत पण मांडतो. तुम्ही सगळे शिक्षकांच्या यादीवर जोर देताय, ती लागतेच, पण नुसत्या तिच्यावर राहू नका. पिट्सबर्ग विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध आहे, १९७९ मध्ये छापून आला, त्यात १९६९ साली घेतलेली पुस्तकं पुढची सहा वर्षं तपासली तर जवळजवळ ४० टक्के एकदाही घरी गेली नव्हती. तीसुद्धा जाणत्या माणसांनीच निवडलेली असणार. म्हणून बजेटचा एक छोटा हिस्सा, अगदी दहावा भाग का होईना, काउंटरवर आलेल्या मागणीसाठी बाजूला काढा. तुम्ही काउंटरला होतात, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार मुलं काय मागतात ते. तीन वेगळ्या मुलांनी मागितलं की समितीची वाट न बघता घ्यायचं, एवढी परवानगी एकदाच काढून ठेवा.

आणि तीनदा आलेल्या मुलीसाठी पहिल्याच दिवशी दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवायला हवं होतं, ऑर्डर काय चालू राहीलच. रागावून नाही सांगत, आमच्याकडूनही हे राहतं, खरेदीचं टेबल आणि देवघेवीचं टेबल एकमेकांशी बोलत नाही म्हणून राहतं.

धागाकर्ती

खरंय दादा, तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, मी फक्त ऑर्डरच्या मागे होते. आता काउंटरला एक वही ठेवलीये, जे पुस्तक मागितलं आणि नव्हतं ते लिहायचं, तारीख आणि मुलाचा नंबर टाकून. चार दिवसांत एकवीस नोंदी झाल्या, त्यातली सहा पुस्तकं माझ्या न आलेल्या ऑर्डरमध्येच आहेत. त्या सहांसाठी जवळच्या दोन लायब्ररींना पत्र दिलं, त्यातल्या तीन पुस्तकांचं हो आलंय.

राखीव यादीचं येत्या बैठकीत मांडणार आहे. समितीने 'मंजूर बजेटपेक्षा मोठी यादी कशी मंजूर करायची' असं विचारलं तर काय सांगू? तुमच्याकडे ठरावाची भाषा कशी होती ते कुणी टाकू शकेल का?

प्रतिसाद १

आमच्या ठरावात साधारण असं होतं: 'सोबतची पुरवणी यादी प्राधान्यक्रमाने मंजूर करण्यात येत आहे. मूळ यादीतील पुस्तके उपलब्ध न झाल्यास, मंजूर रकमेच्या मर्यादेत पुरवणी यादीतील पुस्तके खरेदी करावीत.' 'मंजूर रकमेच्या मर्यादेत' हे शब्द विसरू नका, हिशेब तपासणारे आधी तेच बघतात. आणि बैठकीला जाताना न आलेल्या पुस्तकांची यादी आणि ती वही, दोन्ही बरोबर न्या.