मदत हवी आहे : दोन भाषांतील सुरक्षा प्रशिक्षणाचे धडे आणि स्कॉर्मची मर्यादा

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) कामगारांसाठी मी सुरक्षिततेचे ऑनलाइन धडे तयार करत आहे. एकाच पाळीत मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे खांद्याला खांदा लावून काम करत असल्याने धडे दोन्ही भाषांत असणे मला अत्यावश्यक वाटते.

धड्यात वितळलेल्या धातूचा रस ओतण्यापूर्वी लाडल (रस ओतण्याचे भांडे) ओलसर असल्याचे दिसते आणि पुढे काय करायचे ते कामगाराने निवडायचे असते. निवड चुकली, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेला रस कसा उसळतो, हे तो पडद्यावर पाहतो. नुसत्या सूचना वाचून हे मनावर ठसत नाही.

अडचण अशी, की स्कॉर्म १.२ मध्ये (स्कॉर्म म्हणजे ऑनलाइन धडे प्रशिक्षण प्रणालीत चालवण्याचे तांत्रिक मानक) कामगार कुठे थांबला याची नोंद ४,०९६ अक्षरांतच बसवावी लागते. दोन्ही भाषा एकाच पॅकेजमध्ये घातल्यापासून ही जागा अपुरी पडते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर धडा पुन्हा पहिल्या पानावर येतो. स्कॉर्म २००४ च्या चौथ्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० अक्षरांची आहे, परंतु आमची प्रशिक्षण प्रणाली जुनी आहे.

भाषावार दोन पॅकेजेस केल्यास, कोणत्याही एका भाषेत धडा पुरा करणाऱ्याची नोंद एकत्र कशी ठेवावी? ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.