विषय: आईसाठी रात्रीची सिस्टर (दादर)

नमस्कार मंडळी,

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि परवा तिला दादरच्या घरी आणलं. ताई पुण्याहून येऊन राहिली आहे, दिवसाचं ती बघते. रात्रीसाठी सिस्टर हवी. इथून न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोनवर सिस्टर पुरवणाऱ्या तीन ब्युरोंशी बोललो. त्यातल्या एकाचं म्हणणं असं: 12 तासांच्या रात्रीचे 1400 रुपये, 15 दिवसांचे आगाऊ भरायचे, आणि नको असेल तेव्हा बंद करायचं, संध्याकाळी फोन केला तरी चालतं. मला हे सोयीचं वाटलं, कारण काही रात्री ताईही जागू शकेल. मग उगाच सिस्टर कशाला बोलवायची?

कुणी असं केलं असेल तर सांगा. परळच्या मावशी अजून आपल्या मंडळाच्या या ई-मेल लिस्टवर असतील तर त्यांचं मत आधी हवं.

* * *

विषय: उत्तर: आईसाठी रात्रीची सिस्टर (दादर)

बाळा,

मी आहे लिस्टवर. लेकीकडून परत येऊन सहा वर्षं झाली, तरी मंडळाची पत्रं रोज वाचते.

आधी आईचं. सांधा बदलला असेल तर पहिले काही आठवडे खुर्ची उंच हवी, कमोडलाही उंच सीट बसवून घे. पायावर पाय टाकू देऊ नका, खाली पडलेली वस्तू वाकून उचलू देऊ नका. माणसं पडतात ती रात्री बाथरूमला जाताना. त्यामुळे रात्रीची सोबत हवीच, त्यात काटकसर नको. आणि ब्युरोवाले जिला ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात ती पुष्कळदा शिकलेली नर्स नसते. घरातलं करणारी बाई असते, आणि कधीकधी ती फार चांगलीही असते. पण इंजेक्शन, ड्रेसिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघायला माग. मागायला लाजायचं नाही.

आता दुसरं. ‘संध्याकाळी फोन केला तरी चालतं’ हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी 34 वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात काढली, इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. पगार, रजा, पेन्शन सगळं मिळालं. माझी भाची माझ्याहून जास्त शिकलेली. तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, वर वेगळा आयसीयूचा कोर्स. ती एका खासगी रुग्णालयात ‘ऑन कॉल’ आहे. चार वर्षं झाली, अजून ऑन कॉलच.

म्हणजे कसं ते सांगते. दुपारी चारच्या सुमारास व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी पडते. नाव असेल तर ड्युटी, नसेल तर नाही. ड्युटी केली की पैसे, ते महिन्याच्या शेवटी व्हाउचरवर सही घेऊन. मस्टरवर तिचं नाव नाही. ऑन कॉलच्या मुलींची एक वेगळी लांबट वही आहे, ती इन्चार्जच्या खणात असते. रजा नाही, पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमाही नाही. नाही म्हणायची सोयही नाही, कारण दोनदा ‘जमणार नाही’ म्हटलं की पुढचे आठ दिवस यादीत नाव दिसत नाही. तसं कुणी तोंडाने सांगत नाही. मुलींना आपोआप कळतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तिची नाइट होती, आठ ते आठ. ती बदलापूरची, त्यामुळे घरून सव्वापाचलाच निघते. कुर्ल्याला गाडी असताना मेसेज आला, ‘आज नको, पेशंट कमी.’ परत जायची गाडी तुंबलेली, म्हणून माझ्याकडे आली. साडी नसते त्यांना आता, तो निळा कोट-पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेला. पिशवीत डबा होता, शेपूची भाजी आणि दोन भाकऱ्या. मी वरण-भात वाढला, तर म्हणाली, नको मावशी, हाच डबा खाते, पहाटे उठून केलाय, वाया जायला नको. जेवली, आणि मग म्हणाली, चार्जर आहे का गं? दिवसाची कुणी रिलीव्हर आली नाही तर रात्री उशिरा मेसेज येतो, फोन बंद राहिला तर जायची ड्युटी. आणि खरंच, साडेअकराला मेसेज आला, ‘उद्या डे ये.’ ती माझ्याच घरून गेली. रात्र जागायच्या तयारीने घर सोडलं, रात्र घालवली फोनकडे बघत, आणि सकाळी तिच्यावर सहा पेशंट.

त्या रात्रीचे पैसे शून्य. गाडीभाडं तिचं.

त्या वॉर्डात रोज माणूस लागतं, बाळा, सणवारालाही. गरज रोजची आहे. फक्त भाचीला गरजेपुरतं ठेवलंय.

म्हणून तुला माझं सांगणं असं. आईसाठी एकच मुलगी ठरव, महिन्याच्या रात्री आधी ठरव. ताई जागणार असेल तर दोन दिवस आधी कळव, आणि ऐन वेळी बंद केलंस तर त्या रात्रीचे पैसे द्यायचे. ते ब्युरोच्या हातात न देता तिच्या हातात जातील असं बघ. तुमच्या 1400 मधले तिला किती मिळतात तेही तिलाच विचार.

मावशी

* * *

विषय: उत्तर: उत्तर: आईसाठी रात्रीची सिस्टर (दादर)

मावशी, नमस्कार. आपली ओळख आहे, तुमच्या नातीच्या बारशाला भेटलो होतो.

मी इथे स्वतः पर डीएम नर्स आहे, म्हणजे तुमच्या भाषेत ऑन कॉलच. पण मी ते मागून घेतलं, मुलं लहान आहेत म्हणून. तासाला मला कायमच्या नर्सपेक्षा जास्त मिळतात, कारण आरोग्य विमा आणि पगारी रजा मला नाहीत. विमा नवऱ्याच्या नोकरीतून आहे, म्हणून हे परवडतं. एकटी असते तर परवडलं नसतं. पेशंट कमी झाले की आधी फोन आम्हालाच येतो, घरी राहा म्हणून. तेही तुमच्या भाचीसारखंच. फरक एवढाच की न्यू जर्सीत मालकाच्या सांगण्यावरून कामावर हजर झालं तर निदान 1 तासाचा पगार द्यावा लागतो, आणि आमच्या युनिटमध्ये शिफ्टच्या दोन तास आधी कळवायचं ठरलेलं आहे.

भाचीला पैसे कमी आणि भरवसाही नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. तिला बाहेर यायचं असेल तर एक गोष्ट आताच बघायला सांगा, अनुभवाचा दाखला. मी आले तेव्हा माझं अर्धं वर्ष रुग्णालयाच्या लेटरहेडवरच्या एका कागदावाचून अडलं होतं. चार वर्षं आयसीयूत काम करून जर नाव कुठल्या मस्टरवरच नसेल, तर दाखला देणार कोण?

* * *

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आईसाठी रात्रीची सिस्टर

नमस्कार. दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी. माझ्या धाकट्या भावाचं ठाण्यात 30 खाटांचं नर्सिंग होम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यू, मलेरियाने खाटा पुरत नाहीत, मे महिन्यात आठ भरल्या तर खूप. विमा कंपन्यांचे पैसे दोन-तीन महिने येत नाहीत. बारा महिने सगळ्यांना कायम ठेवलं तर तो बंद पडेल. त्याच्याकडेही बोलावून येणाऱ्या सिस्टर आहेत आणि तो त्यांच्याशी चांगला वागतो. सगळे मालक एकाच तराजूत तोलू नयेत.

* * *

विषय: बदली

भाऊ, तुमचं म्हणणं मी मनापासून वाचलं. मे महिन्याची ओस पडलेली वॉर्डं मीही बघितली आहेत. तुमच्या भावाने ऑगस्टसाठी चार मुली जास्त बोलावल्या तर त्यात काहीच वावगं नाही. पण आठ खाटा भरलेल्या असतानाही ज्या मुली लागतातच, त्यांची नावं मस्टरवर हवीत. एवढंच म्हणते. आणि पगाराचं म्हणाल तर 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने सांगितलं की 200 च्या वर खाटा असतील तर नर्सना सरकारी पगार द्या, आणि 50 च्या आत असतील तरी 20,000 च्या खाली जाऊ नका. तुमच्या भावाचं रुग्णालय त्यात बसतं. त्याला दाखवा, भांडणासाठी म्हणून नव्हे.

विषयाचं नाव मी मुद्दाम बदललं. माझे वडील लालबागला गिरणीत होते, बरीच वर्षं बदली कामगार म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदलीवाल्याला घ्यायचे. बाबा बदली कार्ड खिशात घालून भोंग्याच्या आधी गेटावर जायचे. आत घेतलं तर दुपारी घरी येत नसत, आणि दहाच्या आत चाळीचा जिना वाजला की आई पिठाचा डबा उघडून बघायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा बदली कामगारांना कायम करा ही मागणी त्यात होती. संपाचं काय झालं ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच गिरणगावात आता टॉवर आणि रुग्णालयं आहेत, आणि माझ्या बहिणीची मुलगी बाबांच्या गेटापासून पाच मिनिटांवर यादीत नाव येण्याची वाट बघते. बाबांना निदान सकाळी नऊपर्यंत कळायचं.

पण त्या गिरण्यांनी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे कायद्यातला शब्द. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त युनियनवाल्यांनी मला समजावलं. औद्योगिक विवाद कायद्यात स्पष्ट होतं की बदलीवाल्याने सलग वर्षभर सेवा केली, म्हणजे 12 महिन्यांत 240 दिवस भरले, की तो बदली राहत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यांतही ते 240 दिवस आणि तो बदलीचा खुलासा तसाच आहे, वर प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र दिलंच पाहिजे असंही आलंय. आपल्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात तर माणसांना वर्षानुवर्षं बदली, हंगामी म्हणून ठेवणं, कायमचे हक्क मिळू नयेत या हेतूने, ही अनुचित प्रथा आहे असं छापलंय. म्हणूनच काही ठिकाणी सेवा सलग दिसू नये म्हणून अकरा महिने झाले की एक दिवसाचा ‘तांत्रिक खंड’ देतात. एक दिवस घरी बसवायचं आणि परवा पुन्हा तीच ड्युटी.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते मला सगळ्यात जास्त लागलंय. भाचीबरोबरची एक मुलगी, तिलाही ऑन कॉल म्हणूनच ठेवलेलं, सातव्या महिन्यात होती. तिला कुणी काढलं नाही. यादीत नाव यायचं थांबलं, बस. कायदा सांगतो की बाळंतपणाआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलं असेल तर 26 आठवड्यांची पगारी रजा. सन 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना हाच हक्क आहे असा निकाल दिला. त्या मुलीचे 80 दिवस साडेतीन महिन्यांत भरले होते. तिला हे माहीतच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? 34 वर्षं मी बाळंतिणींच्या रजेचे अर्ज सही करून पुढे पाठवत होते, आणि दोन खाटांपलीकडे कंत्राटावर असलेल्या मुलीला कधी विचारलं नाही की तुझं काय. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि सुई टोचली तर? भाचीला पहाटे तीनला टोचली. कायमच्या स्टाफसाठी फॉर्म असतो, लगेच रक्त तपासतात, औषध सुरू करतात. तिला म्हणाले, तू आमच्या यादीत नाहीस, बाहेरून करून घे. एचआयव्हीचं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. सकाळी ड्युटीवरून सुटून ती सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभी राहिली. 28 दिवस गोळ्या घेतल्या, उलट्या होत होत्या, आणि तशीच ड्युटीवर जात होती, कारण घरी बसली असती तर पैसे नव्हते. देवाच्या दयेने रिपोर्ट निगेटिव्ह आले.

मावशी

* * *

विषय: उत्तर: बदली

मावशी, ब्युरोशी पुन्हा बोललो, मग थेट त्या मुलीशी. तिला 1400 मधले 900 मिळतात. महिन्याच्या 24 रात्री ठरवल्या, रद्द केली तर ती रात्र आमच्या खर्चात, तिच्या हातात. ताईने हे कागदावर लिहून दोघींच्या सह्या घेतल्या. काल आईने फोनवर सांगितलं की सिस्टर रात्री तिला विठ्ठलाचे अभंग लावून देते. आईला बरं वाटतंय.

भाचीचं पुढे काय?

* * *

विषय: उत्तर: उत्तर: बदली

बाळा, बरं केलंस.

युनियनवाले म्हणाले, पुरावा हवा. ती वही तर इन्चार्जच्या खणात. पण रोजची यादी व्हॉट्सॲपवरच पडायची, आणि पोरीने चार वर्षांत तो ग्रुप कधी साफ केला नव्हता. रविवारी ती, मी आणि तिच्याबरोबरच्या दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसलो. एकीने फोनवरून तारीख वाचायची, दुसरीने रेल्वेच्या पासाशी ताडून बघायचं, मी जुन्या दिनदर्शिकेवर लाल पेनने गोल करायचा. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. गेल्या 12 महिन्यांत भाचीच्या ड्युट्या भरल्या 251. दुसरीच्या 246. तिसरीच्या 233, आणि ती दोनदा मोजून गप्प बसली.

मंगळवारी वकिलांकडे जायचंय. दिनदर्शिका मी गुंडाळून रबर लावून ठेवली आहे. तिसरीलाही घेऊन जाणार आहोत, तिच्या दोन महिन्यांच्या याद्या जुन्या फोनमध्ये आहेत, तो दुरुस्तीला टाकलाय.